तोंडाळ हिरोईन

पिपरी मेघेच्या आनंदाबाईंची जीभ भाजीबाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात शेजारी बसणाऱ्या छायाबद्दल त्या भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, "हिच्या वांग्यात गर कमी, अळ्याच जास्त." लोक हसले. छाया इतक्या वर्षांची मैत्रीण, पण दुसऱ्या दिवसापासून ती बाजाराच्या पार त्या टोकाला बसू लागली.

नात गुंजन बीएला इंग्रजी शिकते. संध्याकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता ती आजीला अभ्यासातली जुनी कादंबरी सांगते.

"यातली हिरोईन हुशार हाय, पण तोंडाळ. सहेलीची चारचौघांत फजिती करते."

"मंग तिले हिरोईन काऊन म्हणते?"

"चुकते म्हणूनच तर वाचावं वाटते, आजी."

आनंदाबाईंनी बांधलेली जुडी सोडली, पुन्हा बांधली. "माफी मांगते का थे?"

"मले काय मालूम. अजून लय पानं राह्यले."

"तू वाचत बस. मी येतो जाऊन."

छाया अंगणात भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही. "काऊन आली?"

"चुकलं माह्यं. वांगे चांगले होते तुह्ये."

"इथं बोलून काय फायदा? इथं गिऱ्हाईक ऐकून राह्यले काय?"

आनंदाबाई तशाच परतल्या. सकाळी बाजार भरल्यावर मात्र छायाच्या दुकानापुढं उभ्या राहून त्यांनी खणखणीत आवाज लावला, "वांगे इच्याजवळचेच घ्या. मी त्या दिवशी खोटं बोलली."

छाया म्हणाली, "पुरे कर आता. बस खाली, चहा सांगतो."