बाही अर्धी सोडणारी

माझ्या बायकोसारखी घड्याळाशी भांडणारी बाई अख्ख्या सोलापुरात दुसरी झाली नसेल. त्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "अवो, सोमवारी आमी समद्या बाया कामगार हापिसात अर्ज द्यायला जाणार. मालकाला डबल द्यायला लावते का न्हाय बघा." मी म्हटलं, "तुला काढून टाकंल." म्हणाली, "टाकू दे की. तुमी शेंगा सोला." पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती तासाच्या मजुरीवर होती. दिवसाला नऊ तासांच्या वर काम केलं की वरच्या वेळेची मजुरी दुप्पट, हा नियम तिला कुणीतरी सांगितला, आणि मालकाचं सुख संपलं. तो साधीच मजुरी द्यायचा. मग ही नऊ तास भरले की मशीन बंद करायची. बाही अर्धी असो, सुई कापडात असो. मालक ओरडायचा, "मावशी, बाही तरी पुरी करा!" ही चप्पल घालत म्हणायची, "डबल देता का? न्हाय तर पोराचा हात उद्या जाईल की त्यात." पहिल्या दिवशी मात्र फसली. जेवणाची सुट्टीसुद्धा तिनं कामात धरली होती. चूक कळल्यावर रस्त्यातनं परत गेली, अर्धा तास शिवून दिलं, आणि वर मालकालाच दम भरला, "आदी सांगाया येत न्हाय व्हय?"

घरीही तेच. कामावरून आल्यावरचा स्वयंपाक म्हणजे ओव्हरटाइम, आणि त्याची मजुरी म्हणजे कौतुक, तेही डबल. मला कौतुक जमत नाही. "आमटी बरी झालीया," म्हटलं की ही पळी घेऊन उभीच. "आनखी एकदा म्हणा." मी पुन्हा म्हणायचो, तेव्हा कुठं भाकरी ताटात पडायची. आता शेजारीण ताट आणून देते. आमटी चांगली असते. कशी झाली, कुणी विचारत नाही.

रविवारी माती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबरच्या बाया अर्ज घेऊन दारात रडत उभ्या. "काका, ऱ्हाऊ द्या आता. मावशी न्हाईत, बोलणार कोण?"

मी टोपी घातली. ऑफिस कुठं ते ठाऊक नव्हतं, विचारत विचारत गेलो, बाया मागं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्या कारखान्यात आहात का?"

"न्हाय," मी म्हटलं. "माझी बायको हाय."

बायांनी माना खाली घातल्या. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि पोच मिळेपर्यंत तिथनं हललो नाही.