चेनच्या आईंनी निवडलेली भरल्या घरची बाई

चेनच्या आईंना मी रिकाम्या हातानं कुठल्याही दारातून आत शिरताना पाहिलं नाही. कचरा खाली ठेवून परत येतानासुद्धा त्यांच्या स्वेटरच्या खिशात एक संत्रं असायचंच. "घराला रिकामा हात दाखवू नये," म्हणायच्या. "घराला पहिलं दिसतं तेच लक्षात राहतं."

चेन आणि मी जपानात, तोयोसुच्या एकाच ऑफिसात कोड लिहायचो आणि ग्योतोकुच्या एकाच इमारतीत राहायचो. तो बायको आणि आईसोबत तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. आई दक्षिण चीनमधल्या एका बंदराच्या गावच्या. माझं जपानी मोडकं, त्यांचं त्याहून मोडकं, त्यामुळे आमचं झकास जमायचं. व्याकरण चुकलं म्हणून कुणी लाजायचं कारण नव्हतं. अडलंच तर चेन होता.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वडील इचलकरंजीला यंत्रमागावर उभे राहून कानानं अधू झाले, पण मला शिकवलं. मुहूर्तबिहूर्त मी कॉलेजातच सोडले होते आणि हे चारचौघांत सांगायची मला हौस होती. आईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. तुझा विश्वास नको. तुझे हात दे."

हात कशासाठी, ते नंतर कळलं. चेननं तोयोसुला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला त्याच सुमारास आईंच्या लिव्हरचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी काही महिने सांगितले. चेननं ते लपवलं, आईंनी ते ओळखलं, आणि पंचांगासारखी एक जाड लाल वही काढून गृहप्रवेशाचा दिवस ठरवला. मात्र स्वतः त्या घरात पाऊल टाकणार नव्हत्या. "नव्या घरानं पहिल्याच वर्षी मढं बघायचं नाही," एवढंच कारण दिलं. चेन चिडला, रडला. आई वाटाणे सोलत राहिल्या.

त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे पहिला बिछाना भरल्या घरच्या बाईनं घालायचा असतो. मला त्यांनी चेनकरवी विचारलं, नवरा आहे ना? मुलगा, मुलगी दोन्ही आहेत ना? मी म्हटलं, आहेत की. मनात म्हटलं, म्हणजे आपल्याकडची सवाष्ण. ओटी भरायला बोलावतात तशी. त्यात काय एवढं.

एका संध्याकाळी जिन्यात बसून त्यांनी आपलं सांगितलं. "नवरा गेला. दोन मुली गेल्या. माझं घर अर्धंच राहिलं. ह्याचं अर्धं राहू नये." मग त्या उठून वर गेल्या. जपानी संपलं असावं.

ठरल्या दिवशी दुपारच्या आत सगळं आटपायचं होतं. आई लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसल्या आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. सगळे दिवे लावा. केरसुणी नवी आणलीय ना? अननस दारातून आत घरंगळवत न्या, भरभराट आत येते! अननस माझ्या नवऱ्याकडे होता. तो वाकताना कण्हला तशा आई म्हणाल्या, "अननस हलका आहे. नवरा जुना आहे." स्वयंपाकघरात विजेची सपाट काचेची शेगडी बघून चेनच्या बायकोनं बाहेर येऊन सांगितलं, जाळ नाही. आईंचा चेहरा पडला. मग खालच्या सामानातली छोटी गॅसशेगडी वर आणली, तिच्यावर पाणी उकळलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

तांदळाचा काठोकाठ भरलेला डबा आणि लाल चादर घेऊन मी उंबऱ्याशी आले. आईंनी हात वर केला. मला थांबवलं आणि चेनला काहीतरी विचारलं.

चेन घाईत होता. "आई विचारतेय, तुमचे आई-वडील दोघंही आहेत ना? भरल्या घरची म्हणजे सगळं हवं, वर आणि खाली. मी म्हटलं, असणारच."

वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हा ऑफिसात आमचं नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचं होतं. मी दोन दिवस इथंच थांबले आणि घरी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. कुणी कीव केलेली मला खपत नाही, आणि ते दोन दिवस मी का थांबले, हे कुणी विचारलेलं तर त्याहून नको होतं.

साडेअकरा वाजले होते. खाली सामानवाले थांबले होते. दुसरी बाई आणायची कुठून? आईंचे पिवळे पडलेले डोळे माझ्याकडे लागले होते.

"आहेत," मी म्हटलं. "दोघंही."

मी आत गेले, बिछाना घातला, त्यावर खजूर आणि शेंगा पसरल्या. बाहेर आले तर आई खुर्चीतून उठून उभ्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. त्या दिवशी नव्या घरात कुणी रडायचं नसतं. पॅसेजमधलं चालत असावं.

नंतर त्या हॉस्पिटलात होत्या तेव्हा मी दर शनिवारी जायची. पहिला प्रश्न ठरलेला, "बाबा कसे आहेत?" मी सांगायची. सकाळी नदीपर्यंत जाऊन येतात. दात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून खातात. आई समाधानानं मान हलवायच्या. "त्यांना जप. त्यांच्या जिवावर माझ्या मुलाचं घर उभं आहे." खरं सांगायचं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनीच विचारलं, "रात्री झोप लागते ना त्यांना?" मी म्हटलं, लागते.

त्या गेल्या तेव्हा अंत्यविधीला आम्ही मोजकी माणसं होतो. चेन वाकून म्हणाला, "आईनं शेवटी सांगितलंय, बाकी काही विसरलास तरी चालेल, पण हिच्या वडिलांची चौकशी करत जा."

चेनला आता दोन मुलं आहेत, मुलगा आणि मुलगी. घर त्याच टॉवरमध्ये. आम्ही एदोगावाला राहायला आलो, तरी दर जानेवारीत त्याचा फोन येतो आणि तो न विसरता विचारतो. वडील असते तर आता पंच्याऐंशीचे असते. या वर्षी मी सांगितलं, बरे आहेत, फिरणं जरा कमी झालंय. चेन म्हणाला, थंडीत बाहेर सोडू नका त्यांना. मी म्हटलं, नाही सोडत.