रुपराव पहेलवानाचा खुराक

गांधीबागेच्या कापडबाजारात रुपराव हमाल दोन माणसांनी उचलायची कापडाची गाठ एकटा पाठीवर घ्यायचा. आखाडा सोडून दहा वर्षं झाली, तरी सगळे त्याला पहेलवानच म्हणत. मी नत्थू, तिथल्याच एका पेढीवर कापड मोजायचो. आमची घरं समोरासमोर, त्यामुळे त्याचा पराक्रम मला घरीही ऐकू यायचा. तो बायकोला मारायचा. पंचफुलाचं डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज मी ताटावर बसून ऐकला आहे आणि, लाज वाटते सांगायला, पुढचा घास गिळला आहे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याने गाठी ओढायच्या लोखंडी आकड्याने तिचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला चहाच्या टपरीमागे गाठलं. "काहून मारतं गा तिले?"

त्याने माझी गचांडी धरली, भिंतीवर आदळलं. मग हात ढिला पडला आणि तो सहा फुटी गडी रडायला लागला. "वर्ष झालं, नत्थू. माह्यानं काहीच होत नाई. बायको बोलत नाई, नुसती पाहते. मले सहन होत नाई तिचं पाहनं."

मलाही तोच त्रास होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला तपासून, बीपी मोजून गोळ्या लिहून दिल्या होत्या. रोज एक, आणि चिठ्ठी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, असं बजावलंही होतं. पण पहेलवान असल्या कामासाठी दवाखान्यात कसा जाणार? मग मी दीडशहाण्याने माझीच चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. तिचा मार थांबेल, अशी स्वतःची समजूत घातली.

पाचव्या दिवशी पाठीवर गाठ असतानाच रुपराव भर रस्त्यात कोसळला. नाकातून रक्ताची धार, डोळे तांबडे, आणि सावरायला गेलेल्या दोघांना लाथा. सरकारी दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, "यांनी काय खाल्लं होतं?"

"दूध-बदाम, साहेब," जुन्या आखाड्यातल्या दहाबारा जणांनी एका सुरात सांगितलं. मला खरं माहीत होतं. पण चिठ्ठीवर माझं नाव होतं, आणि मी गर्दीच्या मागे सरकलो.

पंचफुला प्लास्टरमधला हात घेऊन पुढे आली. कुणाला सांगशील तर जिती गाडीन, असं रुपरावने तिला बजावलं होतं. "मर्दानगीच्या गोळ्या खाल्ल्या, साहेब. नत्थूभाऊच्या चिठ्ठीवर आनल्या. त्याले रोजची एक होती. हे म्हने, त्या काडीले एक, तं मले चार लागतीन. आखाड्यात आंग पाहून खुराक देतात ना, तसा घेतला तुपादुधासंगं."

कुणीतरी फिदीफिदी हसलं. डॉक्टर मात्र धावले. बीपी इतकं चढलं होतं की आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता.

तिसऱ्या दिवशी उठून बसण्याएवढी ताकद आली, तसा त्याने उशाजवळचा पितळी गडवा पंचफुलाच्या तोंडावर फेकून मारला. "चार लोकांत नाक कापलं माहं!" तिची भुवई फाटली. या वेळी मी मध्ये पडलो. त्याने माझा दात पाडला, आणि तो मार माझ्या हक्काचाच होता. पंचफुलाने पदराने रक्त दाबलं आणि तशीच काटोलला भावाकडे निघून गेली.

पुढे रुपराव स्वतःच्या पायांनी रामदासपेठेत गेला. बीपी निघालं, साखर निघाली. माझ्या गोळ्या त्याला विषासारख्याच होत्या, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. दोन्हींवर औषध सुरू झालं, बिडी सुटली, आणि सहा महिन्यांत बाकीचंही ताळ्यावर आलं. नवं लुगडं घेऊन तो काटोलला निघाला. मलाही सोबत ओढलं.

पंचफुला ओट्यावर ज्वारी पाखडत होती. रुपराव दारातूनच म्हणाला, "चाल वं घरी. आता मी बरा झालो. डाक्टरनं गोळ्या देल्ल्या, बराबर घेऊन राहिलो."

तिने मान वर केली. "बरं झालं, तुमचं थे सुधरलं. अन् तुमच्या हाताची गोळी देल्ली का डाक्टरनं?"

रुपराव पुढे आला. त्याने लुगडं ओट्यावर ठेवलं. तिने ते उचलून परत त्याच्या हातात दिलं आणि सूप पुढे ओढलं. आम्ही दोघे दुपारच्या गाडीने नागपूरला परत आलो.