सेवाज्येष्ठतेप्रमाणे लॉगिन

मी शाळेत तासिकेवरची संगणक शिक्षिका. सहा वर्षं वारंगा फाट्यावरून जीपमध्ये चेंगरत जायची, आणि हजेरीपटावर माझं नाव पेन्सिलीनं. यंदा संस्थेचे साहेब येऊन बघणार होते, संगणकाचं काम नेमकं कोण करतं. जो करतो, त्याला त्या कामावर कायम करणार. म्हटलं, बाई गं, आलं एकदाचं नशीब!

साहेबांना दाखवायला मी जुन्या कम्प्युटरवर लिनक्स ही फुकटात मिळणारी प्रणाली टाकून सर्व्हर उभा केला. प्रश्नपत्रिका, निकाल, शिष्यवृत्तीच्या याद्या, सहा वर्षांचं सगळं त्यावर चढवलं. प्रत्येक फायलीपुढं ती कुणाची ते नाव येतं. माझं आलं. मग सगळ्या शिक्षकांना लॉगिन काढून दिलं आणि यादी छापून स्टाफरूममध्ये लावली. तिथंच माती खाल्ली.

यादीत नावापुढं मशीननं दिलेला नंबर होता. मशीनची मोजणी हजारापासून सुरू होते; पहिलं लॉगिन माझं, म्हणून मी एक हजार. सगळ्यांत ज्येष्ठ सर एक हजार नऊ.

"काहून वो बाई, तुमी माझ्या वर?" सरांनी चष्मा पुसला.

"सर, त्या नंबराला काही अर्थ न्हाई."

"अर्थ न्हाई तर बदला मंग!"

बोला आता! तिसऱ्या तासाला वर्ग सोडून सगळे रुजू झाल्याचे कागद घेऊन बसले. एकाच दिवशी लागलेल्या दोघा गुरुजींची, सकाळी आधी कोण पोचलं यावरून जुंपली. मुख्याध्यापकांना मी मशीनच्या मालकाचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या लॉगिनचा, नंबर देऊ केला, तर तो निघाला शून्य. "मला शून्य ठरवून राहिल्या व्हय?" ते कडाडले. त्यांनी लॉगिनच घेतलं नाही. शेवटी त्यांच्याच हुकमानं हजार नंबर सरांना दिला आणि मी यादीच्या तळाला गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी त्यांच्यापुढं फोल्डर उघडला. मशीन आतून नाव ओळखत नाही, नंबर ओळखतं, आणि हजार नंबर आता सरांचा. फायलींची मालकी बदलायची मी घाईत विसरले होते. एकूण एक फायलीपुढं सरांचं नाव!

"या वयात एवढं काम?" साहेब हरखले.

आजवर माऊसला बोट न लावलेल्या सरांनी हात जोडले. "कर्तव्य समजतो, साहेब."

"साहेब, ते मी केलंय," म्हणत मी माझ्या लॉगिननं निकालाची फाईल उघडायला गेले. परवानगी नाही, मशीन म्हणालं. मशीनच्या मालकाच्या, त्या शून्य नंबरच्या लॉगिननं शिरून नावं बदलता आली असती, पण साहेबांच्या डोळ्यांदेखत ती चोरीच दिसली असती. साहेबांनी वहीत सरांचं नाव लिहिलं आणि चहाला गेले.

सर हळूच माझ्याकडं सरकले. चेहरा पार उतरलेला.

"बाई, आता मलाच करणं आलं वो हे. उघडायचं कसं, तेवढं सांगा की."

असा संताप आला, की रडू फुटायचं तेवढं राहिलं. मी खुर्ची ओढली.

"आधी माऊस सरळ धरा, सर."