मामेसासऱ्यांनी दाखवलेलं नागपूर

नागपुरात बघण्यासारखं काही नाही असं म्हणणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांच्या तावडीतून आजवर सुटलेला नाही. त्यातला पहिला बळी मी. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला हा गृहस्थ महाल या जुन्या वस्तीत राहतो आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी जुन्या इमारती दाखवून आणतो. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूससुद्धा टाऊन हॉल बघून परत गेला आहे. मी त्यांच्या घरी त्यांची भाची पाहायला गेलो तेव्हा तर्री-पोह्यांची बशी हातात येते न येते तोच मामा म्हणाले, "पोहे कुठं पळून राहिले पाहुणे? आधी दरवाजा पाहून घ्या!" मग महालातला दगडी दरवाजा, टाऊन हॉल आणि शेवटी झिरो माईलचा खांब. त्या खांबापुढं मी हनुवटीला हात लावून पाच मिनिटं गप्प उभा राहिलो. खरं तर तर्री एव्हाना गोठली असेल, या काळजीत मी होतो. कंपनीच्या बसमधून त्या खांबाजवळून मी रोज जायचो, आणि तिथं चार घोडे आहेत हे मला त्या दिवशी कळलं! पण मामांनी घरी येऊन जाहीर केलं, "पोराले नजर आहे बरं!" तेवढ्यावर लग्न जमलं. मुलगी मी सगळ्यात शेवटी पाहिली.

तेव्हापासून त्या नजरेचं सोंग मी निभावतो आहे. मामा भर रस्त्यात थांबून काठीनं कमान दाखवायचे आणि मी "वा, वा" म्हणायचो. एकदा ट्रॅफिक हवालदार शिट्टी फुंकत धावून आला, तर मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाच वर बघायला लावलं. दोघं कमानीत रमले आणि मागं गाड्यांनी नुसता कालवा केला. मी, त्यांचा जाणकार जावई, पानठेल्यामागं लपलो होतो.

गेल्या एप्रिलात डॉक्टरांनी मामांना काचबिंदू सांगितला. उरलेली नजर फार दिवस टिकणार नव्हती. मामांनी एकच गोष्ट मागितली : सीताबर्डीच्या किल्ल्यावरून एकदा गाव पाहायचं. किल्ला लष्कराकडं, सामान्यांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो : एक मे, पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. मामींचे गुडघे गेलेले, त्यांची मुलगी परदेशात, तेव्हा हात धरून नेणारा मीच. एक मेला मी म्हटलं, "मामा, ऊन किती आहे!" नागपूरकरानं उन्हाची सबब सांगावी, म्हणजे बेडकानं डबक्याला भ्यावं. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या आणि मी चक्क रायगड पाहायला गेलो, वर स्टेटसला फोटो टाकला. मामांचा फोन आला. "काहून जावईबापू, तिथला किल्ला पळून जाऊन राहिला होता का?" ते रागावले नव्हते, म्हणून तर जास्त लागलं.

सव्वीस जानेवारीला आम्ही गेलो. तोवर मामांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. तटाशी उभे राहून ते म्हणाले, "सांगा, काय दिसते?"

"मेट्रो," मी म्हणालो.

"ते राहू द्या. महालाकडं पाहा."

मी पाहू लागलो. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी आणि मधूनच वर आलेला एक कळस.

"रंग कोणता?"

"पांढरा. नाही, नाही, पिवळट."

"हां! बाजूले झाड असन पाहा."

होतं. मला राहवेना. "मामा, चुकलं माझं. तुम्हाला मे महिन्यातच आणायला हवं होतं."

"पाह्यजेच होतं," मामा म्हणाले. या माणसाला तोंडदेखलं बोलणं कधी जमलंच नाही. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "पण आता तुम्ही पाहून राहिले ना? मंग सांगत राहा."

मी सांगत राहिलो. थोड्या वेळानं गच्च्या, टाक्या, कळस सगळंच माझ्या डोळ्यांतल्या पाण्यात बुडालं आणि पुढचं नागपूर मी अंदाजानंच सांगितलं. मामांनी त्यातली एकही चूक काढली नाही.