सायलेन्सर गार होईपर्यंत

वसंता गेल्याची बातमी आली तेव्हा मी वसंताचाच आवाज काढत होतो. लोधीपुऱ्यात एका ओळखीच्या घरी साखरपुडा होता. जेवणं उरकली होती, पानाचं तबक फिरत होतं आणि कुणीतरी म्हणालं, "काका, ते बहादरपुरच्या गाडीचं सांगा ना." मला एवढं पुरतं. मी विम्याचा एजंट, बोलणं हाच माझा धंदा, आणि वसंत महाजनची गाडी हा माझा सगळ्यात जास्त खपलेला माल. मी खुर्चीवरून उठलो, पोट पुढे काढलं, डोळे मिटले, उजवा तळहात हवेत धरला आणि त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणालो, "थांब भो वकीलसाहेब, आधी पेशंटचा श्वास पाहू दे." सगळी खोली हसली. त्या हशातच खिशातला फोन वाजला. वसंताचा पुतण्या होता. "काका, आमचे काका गेले," तो म्हणाला. "बागेतून आले, ओट्यावर बसले, पाणी मागितलं आणि..." माझा तळहात तसाच हवेत होता. समोरची माणसं पुढच्या वाक्याची वाट पाहत होती. त्यांना वाटलं, फोनसुद्धा गोष्टीतलाच आहे.

वसंता आणि मी शाळेपासूनचे. तो बहादरपुरहून सायकल मारत यायचा, मी लालबागहून चालत, आणि दोघांनाही उशीर व्हायचा. मास्तरांपुढे आमच्या उशिराची बाजू मी मांडायचो, म्हणून त्याने माझं नाव 'वकीलसाहेब' ठेवलं. पुढे मी वकील झालो नाही, पण वसंताच्या लेखी माझी सनद कायम राहिली. तो केळीच्या बागेत रमला, मी लोकांच्या आयुष्याची किंमत काढत फिरू लागलो, आणि तरी आठवड्यातून एकदा माझी स्कूटर बहादरपुरच्या रस्त्याला आपोआप वळायची. बायको म्हणायची, "तिकडे कोणी नवीन पॉलिसी घेतं का?" मी म्हणायचो, "वसंता विचार करतोय." शेवटपर्यंत तो विचारच करत होता.

आता गाडीचं सांगतो. आमच्या जिल्ह्याचं खंडव्यापासून बिऱ्हाड वेगळं झालं, त्या सुमाराची गोष्ट. वसंताकडे बैलांची जोडी होती. त्यातला चांद्या म्हातारा होऊन गेला. त्याचा जोडीदार दावणीला उभा राहून बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचा, कडब्याला तोंड लावायचा नाही. वसंताला ते बघवेना. त्याने तो बैल मुलीच्या सासरी, जिथे दुसरी जनावरं होती तिथे पोचवला. तोवर शेतात भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागलाच होता, तेव्हा कामाचं काही अडलं नाही. अडलं ते पोळ्याला. सगळ्या गावाचे बैल रंगवून, झुली घालून वेशीत उभे, आणि महाजनांच्या गोठ्यात नुसती दावण. त्या दिवशी वसंता ओट्याखाली उतरला नाही. मी गेलो तर ओट्यावर पाठमोरा बसलेला. म्हणाला, "पुढच्या वर्षी मी बी उभा राहीन. तू पाहजो."

आणि पुढच्या पोळ्याला तो उभा राहिला. शहरातली पोरं ज्याला गो-कार्ट म्हणतात, तशी जमिनीला पोट घासत चालणारी गाडी त्याने स्वतः बनवली होती. सांगाडा जुन्या लोखंडी पलंगाचा, चाकं हातगाडीची, बसायला पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीमागे जुन्या फवारणी पंपाचं दोरी ओढून चालू करायचं छोटं पेट्रोल इंजिन. पुढे लाकडाची दोन शिंगं, त्यांना बेगड. नाव अर्थातच चांद्या. कमलवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, बैलाला ओवाळतात तसं त्या गाडीला ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास बॉनेट नसल्यामुळे पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. वेशीत बैलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी वसंता खुर्चीत बसून फटफट करत आला तेव्हा कुणीतरी ओरडलं, "वसंतभाऊ, ये गोबर कहाँ देगा?" वसंता अगदी गंभीरपणे म्हणाला, "पीछे से देता है. धुआँ." गाव पोट धरून हसलं, पण कुणी त्याला रांगेतून काढलं नाही. त्यानंतर दर वर्षी बैल कमी होत गेले आणि चांद्याचा नंबर आपोआप पुढे सरकत गेला.

पण हे इंजिन वर्षभर झोपायचं आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी उठवायला गेलं की उठायचं नाही. आमचा खरा सण तो. त्या संध्याकाळी लोक बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आमंत्रण देतात. वसंता चांद्याच्या चाकांना ग्रीस चोळायचा, आमंत्रण द्यायचा, आणि मग आमचा प्रयोग सुरू व्हायचा. तो डॉक्टर, मी पेशंटचा नातेवाईक. "जेवण काय दिलं होतं?" म्हणजे पेट्रोल. शिळं असेल तर ओतून टाकायचं, ताजं भरायचं. "डोकं पाहू," म्हणजे प्लग. तो काढून, पुसून, पॉलिश पेपरने घासून, इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठिणगी बघायची. "छाती पाहू," म्हणजे हवेची जाळी. ती पेट्रोलमध्ये धुऊन, झटकून परत. मी मधेमधे गळा काढायचो, "डॉक्टर, वाचेल ना हो?" आतून वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, शेजारचे खरंच येतील हां पळत." आणि सगळ्यात शेवटी वसंता गाडीमागे उकिडवा बसायचा, तळहात सायलेन्सरच्या तोंडापाशी धरायचा, डोळे मिटायचा. "ओढ भो वकीलसाहेब. पेशंटचा श्वास पाहू दे." मी दोरी ओढायचो. तो तसाच डोळे मिटून म्हणायचा, "आहे. श्वास आहे." त्यानंतरच्या एकदोन ओढींत इंजिन फटफटायला लागायचं. एवढी वर्षं मी हा श्वासाचा भाग चार लोकांत करून दाखवला. सगळ्यात जास्त हशा तिथेच यायचा. माझी पक्की खात्री होती की तो निव्वळ नाटकीपणा आहे आणि माझ्या संगतीने त्याला लागला आहे.

पोळ्याहून गाडी परत गोठ्यात आणल्यावर दुसरा अंक. मी निघायला उठलो की वसंता सायलेन्सरला बोट लावून म्हणायचा, "बस ना, गरम आहे अजून." गरम असलं तर माझं काय बिघडतं, हे मी कधी विचारलं नाही. आम्ही बसायचो. मुलगी सासरी, भाऊ शहरात, गडीमाणसं संध्याकाळी घरी... त्या मोठ्या गोठ्यात आम्ही दोघं आणि ती शिंगवाली गाडी. गावच्या, शाळेच्या, मेलेल्या मास्तरांच्या गोष्टी निघायच्या. तासाभराने मी परत उठायचो. तो परत बोट लावायचा. "हाय रे अजून गरम."

वसंता आषाढात गेला. त्यानंतर मी बहादरपुरला दोनतीनदा गेलो, वहिनींसमोर बसलो, चहा पिऊन उठलो. घरी येऊन बायकोशी उगाच भांडलो. श्रावणात कुणी गाडीची गोष्ट सांगा म्हटलं की पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून जायचो. मग पोळ्याच्या आदल्या दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, उद्या गाडी निघाली पाहिजे." मी म्हटलं, वहिनी, यंदा आपल्याकडे सण नाही ना. त्या म्हणाल्या, "आपल्याला नाही. बैलाला कसलं सुतक? एक वर्ष गोठा रिकामा होता तेव्हा ते कसे बसले होते ते तुम्ही पाह्यलं. मला तसं नाही बसायचं." मग त्या म्हणाल्या, "चालू करून द्या फक्त. गावात न्यायचं मी बघते."

मी गेलो. गोठ्याची कडी काढली. चांद्या गोणपाटाखाली उभा होता, एका शिंगाचं बेगड सुटलेलं. आमच्या दोघांची स्टुलं भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. मी एकच सरळ केलं, मग बरं दिसेना म्हणून दुसरंही केलं. आणि कामाला लागलो. पेट्रोल ओतलं, ताजं भरलं. प्लग काढला, घासला, ठिणगी पाहिली. चांगली निळी ठिणगी होती. जाळी धुतली. दोरी गुंडाळली, ओढली. काही नाही. परत ओढली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. प्लग काढून पाहिला तर पेट्रोलने ओला. पुसला, वाळवला, लावला, ओढलं... पुन्हा खोकला, पुन्हा गप्प. मी एकटाच होतो, तरी तोंडातून निघालंच, "डॉक्टर, वाचेल ना हो?" गोठ्यात तो आवाज फार मोठा वाटला. डॉक्टरचं वाक्य मला पाठ होतं, त्याचा आवाज काढणं तर माझ्या हातचा मळ, पण त्या ठिकाणी मला ते म्हणता येईना. मी पुन्हा प्लग घासायला घेतला. खांदा दुखायला लागला होता. बाहेर कुणाच्या तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज गेला आणि मला वाटलं, झालं, उद्या वहिनींना ओट्यावर पाठमोरं बसलेलं बघावं लागणार.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी सांगितलं की जेवण दिलं, डोकं पाहिलं, छाती पाहिली, सगळं ठीक आहे आणि तरी उठत नाही. "आणि श्वास?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वहिनी, ती तर आमची गंमत होती. "असेल," त्या म्हणाल्या, "पण ते दर वेळी पाहायचे." मी म्हटलं, त्याला दोन माणसं लागतात. एकाने ओढायचं, एकाने हात धरायचा. वहिनींनी चहाचा कप स्टुलावर ठेवला, पदर खोचला आणि दोरी हातात घेतली. "बसा मागं."

मी वसंताच्या जागी उकिडवा बसलो. गुडघे कडाकडा वाजले. तळहात सायलेन्सरपाशी धरला, आणि खरं सांगतो, डोळेही मिटले. त्याशिवाय ते होतच नाही. वहिनींनी जोर लावून दोरी ओढली. हाताला काहीच लागलं नाही. झुळूकसुद्धा नाही. "पुन्हा," मी म्हणालो. पुन्हा काही नाही. तेव्हा मी खुर्चीखाली मान घातली. सायलेन्सरचं तोंड खाली वळलेलं, काळंकुट्ट, त्यात बोट घातलं तर लोखंडाऐवजी काहीतरी मऊ लागलं. बारीक तारेने आवळलेलं. तार सोडून ओढलं, तर केळीच्या वाळक्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची घट्ट गुंडाळी बाहेर आली, वरून काळ्या झालेल्या चिंधीची टोपी. इंजिनाला श्वास बाहेर टाकायला जागाच नव्हती. बिचारं गुदमरून खोकत होतं, आणि मी त्याचं डोकं घासत बसलो होतो.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या. "कुंभारमाशीसाठी. ती आत मातीचं घर करते, म्हणून ते बंद करून ठेवायचे. पोळ्याच्या आधी, तुम्ही यायच्या आत काढायचे. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." मला माहीत नव्हतं. प्रयोगाआधी पडद्यामागे काय चालतं ते प्रेक्षकाला कधी दिसतं? आणि इतकी वर्षं मी स्वतःला नट समजत होतो. मी ती गुंडाळी हातात धरून बसलो. गेल्या पोळ्यानंतर त्याने ती घातली होती. तारेला त्याचा नेहमीचा डावा पीळ होता. वहिनी म्हणाल्या, "ओढू?" मी हात पुन्हा मागे धरला. त्यांनी ओढलं आणि तळहातावर गरम, पेट्रोलच्या वासाची एक फुंकर आली. "आहे," मी म्हणालो. माझ्याच आवाजात म्हणालो. पुढच्या ओढीला चांद्या फटफटायला लागला आणि वहिनी दोरी हातात धरून, तोंडाला पदर लावून, धुरात तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत त्या बसल्या. मी नको म्हणत होतो, पण विमा एजंटाचं कोण ऐकतं. मी बाजूने चालत होतो. वेशीत कुणी थट्टा केली नाही. उलट त्या शांततेनेच मला अवघड झालं. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "काकू, जरा धीरे. बैल बिचकतील." वहिनी पुढे बघतच म्हणाल्या, "त्यांना सांग, घरचाच आहे." तेव्हा कुठे रांगेत थोडं हसू फुटलं, आणि मला श्वास घेता आला.

संध्याकाळी गाडी गोठ्यात लावली, शिंगं पुसली. वहिनींनी ती सोपटाची गुंडाळी आणून माझ्या हातात दिली. "गार झाल्यावर घाला. गरम असताना घातली तर जळते." मी विचारलं, "गार व्हायला तासदोन तास लागतात ना?" वहिनी दारात थांबल्या. "छे हो. माझा चहा उकळेपर्यंत गार होतं ते," म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मी स्टुलावर बसलो. समोरचं स्टूल मी पुन्हा उलटं केलं नव्हतं. आमच्या त्या सगळ्या पोळ्याच्या संध्याकाळी मला आठवत होत्या, प्रत्येक वेळी माझं उठणं आणि त्याचं बोट लावणं... आतून चहाचा वास आला, कपबशीचा आवाज झाला. बाहेर अंधार पडायला लागला होता. मी हात लांब करून सायलेन्सरला बोट लावलं. लोखंड केव्हाच थंड पडलं होतं.

"भाऊजी, झालं का गार?" वहिनींनी आतून विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "गरम आहे अजून."