पितांबरनं गप्प केलेलं मशीन

पितांबरला कचरा बघवत नसे. घरात नाही, गोदामात नाही आणि संगणकात तर नाहीच नाही. माणूस लाख चांगला, पण ही एक खोड. तो कापसाच्या जिनिंगमध्ये संगणक सांभाळायचा आणि मी भटू, तिथलाच वायरमन. रोज असोद्याहून मोटारसायकलवर यायचो आणि त्याची कटकट ऐकायचो.

नव्वदीच्या शेवटाची गोष्ट. कापूस आतून धुमसतो आणि वरून पांढराशुभ्र दिसतो, मेला! म्हणून शेठनं गोदामातल्या कापसाच्या गंज्यांमध्ये, म्हणजे ढिगांमध्ये, उष्णता मोजणारे सेन्सर टाकले होते. कुठं गरम झालं की ऑफिसातला जुना संगणक घंटा वाजवी. ती घंटा खरं तर झुलाल आबांसाठी. धुळ्याकडचे म्हातारे वॉचमन, गंजीजवळच पथारी टाकायचे.

घोटाळा होता लोडशेडिंगचा. लाइट आली की संगणक उठायला इतका वेळ लावी, की तेवढ्यात चहा करून, पिऊन, कप विसळून व्हावा. तोवर घंटा बंद. मग आबा दुखरा गुडघा ओढत गंजीगंजीत हात घालून बघत फिरत. "पितांबर, तुनं मशीन मनापेक्षा म्हातारं शे रे," असं आपल्या अहिराणीत हसून म्हणत, म्हणजे तुझं मशीन माझ्यापेक्षा म्हातारं. पितांबरला ते लागलं.

त्या संगणकात लिनक्स होतं. बटण दाबलं की सगळ्यांत आधी त्याचा गाभा जागा होतो, त्याला कर्नल म्हणतात. आमच्याकडं कधी नव्हतीच अशी कुठली कुठली यंत्रं तो उठल्या उठल्या शोधत बसे. पितांबरनं त्या सुरुवातीच्या कोडाला कात्री लावली. एक तुकडा काढायचा, संगणक चालू करायचा, घंटा वाजते का बघायचं. पुढं पुढं त्याला चटकच लागली. सेन्सरचं कार्ड जागं होईपर्यंत थांबायचा तुकडा होता, तोही त्यानं उडवला.

"अरे, असू दे की," मी म्हटलं. "तो काय तुला खायला मागतोय?"

"भटूभाऊ, कार्डाला स्वतःची बॅटरी आहे. लाइट गेली तरी ते झोपतच नाही. मग वाट कोणाची बघायची?"

पडद्यावर सरकणाऱ्या ओळीही त्यानं काढल्या. हे सापडलं, ते सापडलं नाही, असली बडबड त्याला नको होती. शेवटी हिरव्या अक्षरांत 'तयार' एवढंच उरलं.

आणि चाललं की हो झकास! लाइट आली की संगणक लगेच तयार. आबांची पायपीट थांबली. भागाबाईनं, म्हणजे आबांच्या बायकोनं, पितांबरला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवलं. गडी आठवडाभर मिशीत हसत होता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं यंत्र चालवत नाहीत. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं, हार घालायचा. पितांबर या बाबतीत फार कडक. त्यानं कार्डाची बॅटरीसुद्धा सोडवली, पुसली आणि पाटावर मांडली. "तिलाही आज सुट्टी," म्हणाला. दसऱ्याच्या दुपारी सगळं परत जोडून त्यानं बटण दाबलं. पडद्यावर 'तयार' आलं. नमस्कार करून तो घरी गेला.

पण कार्ड त्या दिवशी खरोखरच झोपलेलं होतं. त्याला उठायला अवकाश लागला आणि कर्नल थांबला नाही. कार्ड सापडलं नाही हे सांगणारी ओळच आता नव्हती.

दिवेलागणीला आम्ही सोनं वाटत होतो, तेवढ्यात गोदाम पेटल्याची ओरड आली. घंटा वाजलीच नाही. आबांना बाहेर काढलं तेव्हा त्यांच्यात काही उरलं नव्हतं. देवा रे!

चौकशी झाली. म्हाताऱ्यानं बिडी ओढली असेल, म्हणून मोकळे झाले सगळे. आबांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. शेठ पितांबरला म्हणाला, "गप्प बस. गेलेला माणूस काय परत येणार आहे?" पितांबर चौकशीवाल्यांपुढं जाऊन सगळं बोलला. कर्नल काय, कार्ड काय, कोणाला काही कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं. बिडी राहिली ती राहिलीच.

शेवटी तो भागाबाईकडं गेला. सोबत मी होतो. तो उंबऱ्याबाहेरच बसला.

"अक्का, आबांनी बिडी ओढली नव्हती. माझ्यामुळं घंटा वाजली नाही. मशीनला मी मुकं केलं."

भागाबाईनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती हळूच म्हणाली, "माले माहीत शे, बिडी नही व्हती. त्या दिनले गोदामवर जाताना माले सांगी गया व्हता तो, 'आते माले उठनं पडत नही, आज निवांत झोपसू. पितांबरनं मशीन मनापेक्षा लवकर उठस.'"